अंग येणं

नगरच्या कापडबाजारातल्या त्या दुकानात खुर्च्या अजून शिरलेल्या नव्हत्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी, गादीवर पांढरी चादर, आणि गिऱ्हाइकानं चपला बाहेर काढून निवांत मांडी ठोकायची. शालनला हे दुकान त्यासाठीच आवडायचं. नवरात्र तोंडावर आलं होतं, देवीच्या ओटीची साडी घ्यायची होती, म्हणून सुनेला, मोनिकाला घेऊन ती केडगावहून आली होती. हिरवी साडी मनासारखी मिळाली. उठायचंच बाकी होतं, तेवढ्यात गादीवरच्या माणसानं उगाच आणखी एक कडक खळीची साडी फडकन झटकली आणि शालनला शिंक आली. एकच शिंक. पण पोटात खाली कुठली तरी गाठ सुटावी तसं झालं आणि मांड्यांखाली ऊब पसरली. ती हसत बसून राहिली. हा काठ दाखवा, तो पदर दाखवा, म्हणत राहिली. मोनिकाला घाई होती, तान्हा समर्थ घरी आजोबांपाशी होता आणि त्याची दुधाची वेळ टळून गेली होती. शेवटी उठावंच लागलं. उठून वळून पाहिलं तर चादरीवर तळहाताएवढा ओला डाग. त्या माणसाचं लक्ष नव्हतं. "ताई, जाता जाता ही बघा," म्हणत त्यानं एक निळी साडी नेमकी तिथंच उलगडली, आणि निळा रंग मधोमध गडद होत गेला. "ही पण द्या," शालन म्हणाली. मोनिका बघतच राहिली. आई निळ्या रंगाला हात लावत नाहीत हे सगळ्या घराला ठाऊक होतं. या वर्षी घ्यावा वाटला, असं सांगून शालननं ती साडी स्वतःच गुंडाळली आणि पिशवीत कोंबली.

परतताना रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन अंग आखडून बसली. पुणे रोडला वारा लागला तसा तो वास वर आला. ओल्या सुती कापडाचा, आंबूस, थोडा उग्र, वर हळदीसारखं काहीतरी. तो तिच्या ओळखीचा होता. तो तिच्या आईचा, झुंबरबाईचा वास होता, आणि झुंबरबाई जाऊन एक पिढी उलटली होती. शालननं मोनिकाकडे पाहिलं. मोनिका मोबाईल बघत होती. मग तिनं उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि तिकडे थोडी जागा सोडून मोनिकाच्या बाजूला सरकली. का सरकली हे तिचं तिलाही कळलं नाही.

माणूस जातं, वास मागे राहतो. गेले काही महिने तो घरात कुठंही भेटायचा. गॅसच्या टाकीमागे, न्हाणीतल्या पाटावर, देवघरासमोरच्या सतरंजीवर. शालन फरशी पुसून घ्यायची, चादरी उन्हात घालायची, ऊद जाळायची. नवऱ्याला, भागवतरावांना तिनं एकदा आडून विचारलं, घरात कसला वास येतो का. पण साखर कारखान्याच्या ऑफिसात उभी हयात काढलेल्या माणसाला मळीखेरीज कसला वास येणार. त्यांनी इकडं तिकडं नाक फिरवलं आणि उंदीर मेला असेल म्हणाले. मग दोन दिवस ते माळ्यावर उंदीर शोधत होते. शालनला हसू आलं, आणि हसताना पुन्हा दोन थेंब गेले. हसायची चोरी झाली होती. खोकायची, शिंकायची, बादली उचलायची, नातीला, राजनंदिनीला कडेवर घ्यायची. नळ सोडल्याचा आवाज आला की पोटात कळ उठायची आणि न्हाणीपर्यंतचं अंतर एकाएकी वाढायचं. बाहेरून येऊन दाराला किल्ली लावली की किल्ली फिरायच्या आत पाय ओले. जाऊन बसावं तर थोडंसंच, आणि उठलं की आत अजून शिल्लक असल्याची खात्री. रात्रंदिवस काहीतरी शिल्लक. मेडिकलमध्ये मोठ्या माणसांचे डायपर मिळतात हे तिला माहीत होतं, पण कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तिचाच जुना विद्यार्थी. बाई, काय देऊ, असं तो हात जोडून विचारायचा आणि ती खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत यायची. जुन्या लुगड्यांच्या घड्या करून ती वापरायची, धुवायची, आणि गच्चीवर सगळ्यांत मागच्या दोरीवर, चादरीच्या आडोशाला वाळत घालायची.

शालन जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची. पाचवीला वाक्प्रचार असायचे. अंग चोरणे, अंगवळणी पडणे, अंगाशी येणे, दुखणे अंगावर काढणे. ती एकेक फळ्यावर लिहायची आणि मुलं वाक्यात उपयोग करायची. दोन मात्र ती फळ्यावर कधी लिहीत नसे. एक, अंगात येणे. दुसरा पुस्तकात नव्हताच, तो बायकांच्या तोंडी होता. अंग येणं. बाळंतपणानंतर, ओझी उचलून उचलून, बाईची गर्भपिशवी खाली उतरते, अंगाबाहेर डोकावते, त्याला तिच्या माहेरी, तिसगावच्या बाजूला बायका एवढंच म्हणतात, अंग येतं. दोन्हींत फरक केवढा, तर एका अक्षराचा. त्या एका अक्षरानं तिच्या आईचं सगळं आयुष्य खाल्लं होतं.

झालं असं. झुंबरबाईला शेवटचं मूल झालं तेव्हा दुष्काळ होता. विहीर लांब. बाळंतिणीला महिना पुरा व्हायच्या आत डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी. एका सकाळी ती हंडा उतरवता उतरवता भिंतीला धरून खाली बसली. थरथर कापत होती, घाम फुटला होता, दातखीळ बसल्यासारखे दात आवळलेले. सासू, बनुबाई, अंगण झाडत होती. तिनं विचारलं, काय झालं. झुंबरबाई कशीबशी म्हणाली, "अंग आलं, आत्याबाई." बनुबाईला थोडं कमी ऐकू यायचं आणि देवाधर्माचा सोस मोठा. तिच्या कानात काय शिरलं ते शिरलं. हातातला खराटा टाकून तिनं हात जोडले. "अंगात आलं, आगं अंगात आलं हिच्या," म्हणत तिनं उंबऱ्यावरचं हळदकुंकू आणून सुनेच्या कपाळभर फासलं आणि पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी झुंबरबाईच्या पाया पडत होतं, आणि तीही सासू. ती काय बोलणार. कोण तू, कुठली तू, काय पाहिजे तुला, असं बनुबाई विचारत राहिली. झुंबरबाईनं डोळे मिटले आणि म्हणाली, "पानी आन."

तिथून ती देवी झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी वारं यायचं. त्या दिवशी हंडा नाही, खुरपणं नाही, वेगळ्या घोंगडीवर बसायचं, कुणी शिवायचं नाही. आजूबाजूच्या वस्त्यांवरून बाया यायच्या. इतरांच्या देव्या नारळ मागत, बांगड्या मागत, कोंबडं मागत. हिची देवी फक्त पाणी मागायची. घुमायला लागली की आधी डोक्यावरून घागर ओतायची, मग धुपारती. "आमची देवी लई थंड हाय," बनुबाई कौतुकानं सांगायची, "नुसतं पानी मागती." लहान शालन दाराशी उभी राहून हे पाहायची. तिला अभिमान वाटायचा आणि भीती वाटायची, आणि दोन्हींच्या खाली एक तिसरी गोष्ट होती, तो वास. आईच्या कुशीत झोपायला तिला नको वाटायचं. देवीचा वास असेल, असं तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. शालनचं लग्न होऊन दीड-दोन वर्षं झाली आणि झुंबरबाई गेली. शेवटची अंघोळ घालताना बायकांनी लुगडं सोडलं, तर आत कापडाचा बोळा, आणि बोळ्याच्या मागे ते. आंब्याएवढं, कातडं राठ झालेलं, कडेला जखमा. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकजण हळूच म्हणाली, हिचं तर अंग येत हुतं. दुसरीनं तिला डोळ्यांनी दटावलं. बनुबाई ओसरीवर बसून गेलेल्या देवीसाठी रडत होती, तिला हे कुणी सांगितलं नाही. शालननंही नाही.

म्हणून स्वतःचं अंग यायला लागलं तेव्हा शालननं मनाशी शपथ घेतली होती, आईसारखं मरायचं नाही. शपथ घेतली खरी, पण पाळायला वर्षं लागली. निवृत्तीपर्यंत दिवसभर फळ्यापाशी उभं राहणं, संध्याकाळपर्यंत खाली चेंडू अडकल्यासारखं ओझं, लघवीला बसलं की बोटानं वर सारल्याशिवाय धार सुटायची नाही. गेल्या हिवाळ्यात ती नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि ऑपरेशन करून आली. गर्भपिशवी काढली, खाली लोंबलेली लघवीची पिशवी वर शिवून घेतली. आठ दिवस लघवीला नळी लावलेली होती. नळी निघाली, शालन चालू लागली, आणि खाली काहीच नाही असं कितीतरी वर्षांनी वाटलं. ती मोकळी झाली, असं सगळे म्हणाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं कॉलनीतल्या बायकांपुढे उभं राहून भाषणसुद्धा ठोकलं. दुखणं अंगावर काढू नका, माझ्याकडे बघा. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच तिला ठसका लागला, आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, आतलं धरून ठेवणारं काहीतरी सैल झालं. ऑपरेशनच्या आधी तिला एकदाही असं गळलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. बागेतल्या पाइपाला पीळ पडला की पाणी अडतं, तसा तुमची पिशवी लोंबून लघवीच्या वाटेला पीळ पडलाय, म्हणून आज गळत नाही. पीळ निघाला की काही बायकांना गळायला लागतं. तसं झालं तर या, लाजू नका, व्यायाम आहेत, औषधं आहेत, नाहीच जमलं तर छोटं ऑपरेशन आहे. शालननं मान हलवली होती. पण तपासणीला गेली तेव्हा बाईंनी विचारलं, लघवीचं कसं आहे, आणि ती म्हणाली, छान आहे. शब्द तोंडातून गेला तेव्हा तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिनं मोठ्या तोरात सांगितलं होतं ना सगळ्यांना. आता कोणत्या तोंडानं म्हणायचं की अंग गेलं आणि हे आलं. लोक म्हणतील, गप घरात बसली असती तर बरं. आणि त्याहून खोल, जिथं भाषणं पोचत नाहीत तिथं, तिला वाटायचं की हे आईनंच पाठवलं आहे. माझ्या कुशीत तुला झोपवत नव्हतं ना, शाले. आता स्वतःच्या अंथरुणात झोप. न्हाणीत पाटावर बसून थेंबाथेंबाची वाट बघताना तिला पाठीशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. ती मागं वळून बघत नसे. मागं आई असती तर तिला काय सांगावं हे सुचलं नसतं, आणि नसती तर त्याहून वाईट वाटलं असतं.

घरात तिची चिडचिड वाढली होती. ओझं उचलायचं शालनला मना होतं, तर ते मोनिकानं करावं. पण मोनिकाही हल्ली भरलेली बादली उचलत नव्हती, फरशीवरून ओढत न्यायची. खाली बसून भाजी निवडायची नाही, ओट्यापाशी एका पायावर भार देऊन उभी. शालन भागवतरावांना म्हणालीही होती की सून अंग चोरते. पोरगी राहुरीची, बी.कॉम. झालेली, पतसंस्थेत नोकरी केलेली, दोन बाळंतपणांत एवढी नाजूक झाली कशी. भागवतराव म्हणाले, तुझं तू बघ. मुलगा सुनील एमआयडीसीत पाळ्यांवर, त्याला घरातलं काही विचारण्यात अर्थ नव्हता.

अष्टमीला दुपारी घरी देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायका बोलावल्या होत्या. पुढं रंगुबाई, तिसगावकडचीच, वयानं शालनहून मोठी, तिनं तरुणपणी झुंबरबाईचं वारं डोळ्यांनी पाहिलेलं. हॉलभर बायका, दारापर्यंत बायका, मध्ये संबळ आणि झांजा. शालन घटापुढं उभी होती, फिकट साडी नेसलेली, हातात आरतीचं ताट. दोनदा न्हाणीत जाऊन आली होती, दोन्ही वेळा थोडंसंच. उदाचा धूर दाटला आणि तिला खोकला आला. पहिल्या उबळीला तिनं मांड्या आवळल्या. दुसऱ्या उबळीला सगळंच गेलं. या वेळी थेंब नव्हते. ते दोन्ही पायांवरून वाहत पैंजणांपर्यंत आलं, टाचांखाली साचलं, आणि चकचकीत फरशीवर त्याचं थारोळं पुढं सरकू लागलं. न्हाणीच्या वाटेवर मांडीला मांडी लावून बायका बसलेल्या. सगळ्या गात होत्या, अजून कुणी खाली पाहिलं नव्हतं. आता पाहतील. पुढच्या रांगेतली ती पाहील, जिनं संक्रांतीला सगळ्यांत जोरात टाळी वाजवली होती. शालनच्या मनात फक्त एक विचार उरला. कुणीतरी माझ्या डोक्यावरून घागर ओतावी.

आणि तिला कळलं. इतकी वर्षं जे दाराशी उभं राहून पाहिलं होतं ते तिला आत्ता, ओल्या पायांनी, कळलं. देवी पाणीच का मागायची. आधी पाणी, मग धुपारती. घोंगडी वेगळी, कुणी शिवायचं नाही, जवळ यायचं नाही. आई डोळे मिटून, दात आवळून घागरीची वाट बघायची. एकदा ओतली की लुगडं कशानं ओलं, हे कोण विचारणार होतं. मंगळवार आणि शुक्रवार. आठवड्यातून दोनदा बाईला सगळ्यांदेखत धुऊन निघता येत होतं. शालनच्या घशातून एक हुंदका वर आला, पण बाहेर पडताना तो हुंकार झाला. ताट हातातून सुटलं. गुडघे थरथरायला लागले, आणि ते नाटक होतं की नव्हतं हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं. तिच्याच तोंडून, तिनं शाळेत चाळीस पोरांच्या जिभेवरून पुसून काढलेल्या उच्चारात, शब्द आले. "पानी आन."

रंगुबाईनं गाणं तोडलं नाही, नुसता हात वर केला. "सरका मागं. वारं आलं. आईचं वारं लेकीकडं आलं. पानी आना." मोनिका धावली, बादली फरशीवरून ओढत घेऊन आली, आणि कुणीतरी तांब्यानं, मग अख्खी बादली उचलून शालनच्या डोक्यावर पाणी ओतलं. गार पाणी केसांतून, मानेवरून, पोटावरून, पायांवरून गेलं. फरशीवरचं सगळं एक झालं. बायका मागं सरकल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. असल्या गोष्टींना हसणारे भागवतरावसुद्धा दारात चपला काढून उभे होते. शालन घुमत होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं की भीती वाटावी. एकेक बाई पुढं येऊन पायांवर डोकं ठेवू लागली. मुलाची नोकरी, मुलीचं स्थळ, नवऱ्याची दारू. शालन हं म्हणायची, कुंकू लावायची. रंगुबाई तिच्या कानाशी म्हणाली, आता दर मंगळवारी बसत चला, आईची गादी रिकामी ठेवू नका. सोपं होतं. डॉक्टर नको, मेडिकलवाला नको, कुणाला तोंड उघडून काही सांगायला नको. मरेपर्यंत असं निभावता येतं, हे तिनं पाहिलेलं होतं. वास आता अगदी जवळ आला होता, तिच्याच ओल्या अंगातून येत होता, आणि पाठीशी उभी असलेली ती बाई जणू तिच्या आत येऊन नीट मांडी घालून बसली होती.

सगळ्यांत शेवटी मोनिका आली. तिला गुडघे टेकता येईनात. एक हात फरशीवर रेटून ती कशीबशी वाकली, कपाळ शालनच्या पायांवर ठेवलं आणि संबळाच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलली.

"आई, समर्थच्या वेळेपासून माझं खालून काहीतरी बाहेर येतंय. बसलं की हाताला लागतं. मला लई भीती वाटते. ते बरं कर. आणि आई, एवढं कर, आईंना कळू देऊ नको."

शालनचे हात कुंकवाच्या करंड्यापर्यंत गेले होते. चिमूटभर कुंकू, डोक्यावर हात, हं म्हणायचं, की मोनिका समाधानानं उठून गेली असती. बरं होईल अशी वाट बघत राहिली असती. मग हंडे नसले तरी बादल्या होत्या, सिलेंडर होता, पोरं होती. मग कापडाचा बोळा. मग एक दिवस हिच्याही अंगावर पाणी ओतायला बायका जमल्या असत्या. आतली बाई म्हणत होती, हं म्हण, शाले, हं म्हण, माणसं बघताहेत. शालनचं घुमणं थांबलं. तिला थंडी वाजत होती, दात वाजत होते, आणि पायांवरचं ते कपाळ तेवढं गरम होतं.

"आईंना कळलं," ती म्हणाली.

मोनिकानं दचकून वर पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. शालननं तिचं मनगट घट्ट धरलं, ती उठून पळून जाऊ नये म्हणून. देवीचं झाड, म्हणजे शालन, घुमायचं थांबलेलं बघून संबळावरचे हात थांबले, झांजा थांबल्या, आणि हॉलभर बायका देवी काय बोलते ते ऐकायला पुढं झुकल्या. शांतता झाल्याचं शालनच्या लक्षात आलं. आवाज खाली आणता आला असता.

"माझ्या अंगात कुणी आलेलं नाही, मोनिका," ती आपल्या नेहमीच्या आवाजात, शेवटच्या बाकालाही नीट ऐकू जावं असं म्हणाली. "माझी लघवी झाली होती. ऑपरेशनपासून रोज होते. ऊठ, साडी बदलू दे, मग आपण दोघी दवाखान्यात जाऊ."